लाथ फक्त हॉस्पिटलात मिळेल

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना मी डोकं मागे ठेवलं आणि पाय आधी बाहेर काढले. यात माझं कर्तृत्व काही नाही, असलंच तर सुईणीचं आहे. पण पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्या रेवदंड्याकडे समजतात. त्यामुळे ढग आले की आई मला घरात घेऊन दार लावायची. पुढे आयटीआय झालं, सौदीचा व्हिसा आला. घरात सगळे रडले. आई मात्र म्हणाली, "जाऊ दे त्याला. तिथे पाऊस नाही." पैशासाठी सौदीला गेलेली माणसं पुष्कळ आहेत. विजेपासून लपायला गेलेला मी एकटाच.

वीज पडली नाही, पण पायाळूपण लपलं नाही. पायाळूची दुसरी ख्याती अशी, की उसण भरलेल्या माणसाच्या पाठीत त्यानं लाथ घातली की उसण उतरते. रियाधच्या एका टोकाला, अल सुलैमध्ये, आमच्या कंपनीचं यार्ड होतं. एसीचे पत्र्याचे डक्ट तिथे बनायचे, आणि यार्डाच्या मागे आमचा कॅम्प. दिवसभर पत्रे उचला, कॉम्प्रेसर उचला, जिने चढा. तीनशे माणसं आणि त्यांच्या तीनशे पाठी. तिथे पायाळू सापडणं म्हणजे वाळवंटात पाणी लागणं. तेल म्हणणार होतो, पण तेल तिथे कुणालाही लागतं.

बिंग फोडलं जमालुद्दीनचाचांनी. हे आमच्या मेसचे आचारी, दापोलीकडचे. एकदा त्यांच्या पाठीत चमक भरली, मी गमतीनं बोलून गेलो, आणि त्यांनी लगेच कणकेची परात बाजूला ठेवून माझ्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या झालेल्या पाठीची जाहिरात डाळीबरोबर सगळ्यांच्या ताटात वाढली गेली.

तेव्हापासून ड्यूटी सुटली की माझ्या खोलीबाहेर रांग. बिहारचे वेल्डर, केरळचे फिटर, एक फिलिपिनो सुपरवायझर. प्रत्येकाची पद्धत वेगळी. चाचांच्या गावी लाथ सूर्य उगवायच्या आत लागते. माझ्या खोलीतले केरूनाना म्हणत, उंबऱ्यात उभं राहून, मागे न बघता. फिलिपिन्समध्ये असलं काही नाही, त्यामुळे तो जशी मिळेल तशी घ्यायचा आणि वर "थँक्यू सर" म्हणायचा. मी हेल्परच्या वरचा आणि टेक्निशियनच्या खालचा माणूस. मला सर म्हणणारा तो एकटाच होता, तेसुद्धा लाथ खाल्ल्यावर.

वैताग याचा, की माणसं बरी व्हायची. बहुतेक सगळी. काही दिवसांत ताठ चालायला लागायची. मी जीव तोडून सांगायचो, की मी पाय नुसता टेकवतो, त्यात काही नाही. तर लोक म्हणायचे, बघा, किती साधा आहे.

अशा परिस्थितीत केरूनानांची पाठ गेली.

केरूनाना मूळचे पारनेरकडचे, पन्नाशीला टेकलेले, आमच्या यार्डात रिगर. म्हणजे जड सामान क्रेनला बांधायचं आणि सांभाळून उतरवून घ्यायचं, हे काम. पण क्रेन यायची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. महिनाभर त्यांच्या डाव्या पायात बुडापासून टाचेपर्यंत कळ येत होती. ती त्यांनी 'वात' म्हणून खात्यात टाकून दिली होती. गुरुवारी दुपारी त्यांनी एका कॉम्प्रेसरला मिठी मारली, उचलला, आणि तसेच गुडघ्यांवर बसले. कॉम्प्रेसर खाली ठेवल्यावर बसले, हे विशेष. तो फुटला असता तर कंपनीनं बिल लावलं असतं.

तिथे सुट्टी गुरुवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी सकाळी केरूनाना खालच्या बंकवर पालथे पडले होते आणि एकच शब्द बोलत होते.

"मार."

"नाना, चहा तरी घ्या."

"आरं, आदी मार. मग च्या."

मी लाथ उचलणारच होतो. पण त्याआधी ते कण्हत उठले, भिंतीला धरून बाथरूमकडे निघाले, आणि दारात त्यांची चप्पल राहिली. त्यांना कळलंच नाही. एक पाय चपलेत, एक पाय अनवाणी, तसेच गेले. आत नळाचा आवाज आला, बराच वेळ आला, बाकी कसलाही आवाज आला नाही. परत येऊन पडले. थोड्या वेळानं पुन्हा गेले. पुन्हा नुसता नळ.

"नाना, चप्पल सुटली तुमची."

"व्हय का?" त्यांनी पायाकडे असं बघितलं, जसं काही शेजाऱ्याचा पाय आहे. "बुडबी झोपलंय रं सकाळपासून. मुंग्या आल्यात. तू मार, म्हंजी जागं व्हईल."

मला ते काही बरं वाटलं नाही. पण तोवर खोलीत कमिटी जमली होती. सुट्टीच्या दिवशी कॅम्पात करमणूक नसते, त्यामुळे दुखणं सार्वजनिक होतं.

एकजण म्हणाला, एसीचा झोत थेट कमरेवर येतो, त्यानंच झालं. दुसरा म्हणाला, गादीतला स्पंज बसलाय. तिसऱ्याला गॅसची शंका आली. नजर लागली असंही निघालं, पण केरूनानांकडे नजर लागण्यासारखं काय आहे यावर एकमत होईना. आमचे कॅम्प इनचार्ज विनोदसाहेब, मूळ डोंबिवलीचे, ते दारातूनच म्हणाले, "मसल पुल आहे. रेस्ट. शनिवारी क्लिनिक उघडलं की दाखवू." आमच्या क्लिनिकात एकच गोळी होती. डोक्याला तीच, पोटाला तीच. शनिवारी पाठीलाही तीच मिळणार होती.

तेवढ्यात जमालुद्दीनचाचा आले आणि त्यांनी निकाल दिला. "मुतखडा."

यात नवल नव्हतं. त्या उन्हात पाणी कमी पडून अर्ध्या कॅम्पाला खडे झालेले. चाचांना स्वतःला झाला होता. तो त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत जपून ठेवला होता आणि मेसमध्ये नवीन माणूस आला की दाखवायचे, त्याचं जेवण झाल्यावर. मुतखड्यावर कॅम्पाचं एकच औषध, जवाचं फसफसणारं पाणी. बिअरसारखं दिसतं, बिअरसारखं फेसाळतं, आणि पिऊन काहीही होत नाही. चाचांनी कॅनचा अख्खा खोका आणला.

"पी केरूभाय. खडा कसा धुऊन निघेल बघ."

केरूनाना प्यायले. एक कॅन, मग दुसरा. चाचा बाजूला उभे राहून मोजत नव्हते, नुसते फोडत होते. पोटात एवढं गेलं, त्यातलं बाहेर किती आलं, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाही पडला नाही. सगळे पुरुष होते.

मी मोबाइल घेऊन बाहेर आलो आणि ताईला मिस्ड कॉल दिला.

माझी बहीण दर्शना अल-खोबरला एका हॉस्पिटलात नर्स आहे. मला ती भावासारखं कमी आणि पेशंटसारखं जास्त वागवते. लगेच तिचा फोन आला.

"बोल रोशन्या. ब्रेकमध्ये आहे. काय खाल्लंस आता?"

"मी नाही ताई. आमचे नाना. पाठीत उसण भरलीय, मोठी."

"मग? तू आहेस ना तिथला पायाळूबाबा."

"चेष्टा नको. चप्पल सुटली तरी कळली नाही त्यांना."

लगेच तिचा आवाज ड्यूटीवरचा झाला. "पडलेत का? ताप आहे? छातीत, पोटात फाटल्यासारखं होतंय? घाम? चक्कर?"

"नाही, नाही. कॉम्प्रेसर उचलला."

"कळ एका कुशीतून येते आणि जांघेत उतरते, लाटेसारखी?"

"नाही. सकाळपासून दोन्ही पायांत जातेय म्हणतात."

"दोन्ही?" ती म्हणाली. "लघवी होतेय?"

"ते जातात बाथरूमला."

"जातात ते नाही विचारलं. होते का?"

मी दारात जाऊन ओरडलो, "नाना, लघवी होते का?" खोलीतली सगळी कमिटी माझ्याकडे बघायला लागली. केरूनानांनी उशीत तोंड खुपसलं.

"आरं, कुणाला विचारतो? गप."

"ताई विचारते."

"बाईमानूस हाय ना फोनवर? मग तर गपच."

"होत नाही, ताई," मी म्हणालो.

"बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये, बधिर वाटतंय?"

"बूड झोपलंय म्हणतात."

"रोशन, नीट ऐक." तिनं मला पूर्ण नावानं हाक मारली की मी लहानपणापासून सरळ उभा राहतो. "ही उसण नाही. मणक्याच्या शेवटी शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो. पाय, लघवी, संडास, सगळं त्याच्यावर. चकती सरकून त्याच्यावर दाबून बसली असणार. तो दाब आज काढला नाही तर या गोष्टी कायमच्या जातात. आज. उद्या नाही. शनिवारी तर नाहीच."

"विनोदसाहेब म्हणतात, रेस्ट."

"शंभरातल्या नव्वद पाठी रेस्टशिवायही बऱ्या होतात, आपल्या आपण. म्हणून तर तुझा धंदा चालतो. ही त्यातली नाही. मोठ्या हॉस्पिटलात ने, जिथे एमआरआय आहे. मध्येच दुखणं थांबलं म्हणाले तर खूश होऊ नकोस. आणि त्या पाठीला जोरात पाय लावलास तर तुझा पाय मी काढीन."

"जवाचं पाणी दिलंय."

"किती?"

मी खोलीत वाकून बघितलं. "खोका."

तिनं फोन ठेवला. मला वाटतं ती मराठीत काहीतरी बोलली, जे आईनं ऐकलं असतं तर तिला खोबरहून परत बोलावलं असतं.

आता माझ्याकडे पक्की माहिती होती. पक्की माहिती असली की लोक ऐकतात, असा माझा तोवर समज होता.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. शेपटी, जुडगा, दाब, आज. कमिटीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, "माणसाला शेपटी नसते."

"शेपटीसारखा! नसांचा!"

"पोरा, फोनवर कधी तपासतात का?" चाचा म्हणाले. "खडाच आहे. माझं पण असंच झालेलं." आणि ते डबी आणायला निघाले.

मी विनोदसाहेबांकडे गेलो. पिकअपची चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायची. ते इस्त्री करत होते.

"साहेब, चावी द्या. नानांना हॉस्पिटलात न्यायचंय."

"शुक्रवारी व्हेइकल बाहेर काढायचं तर रिक्वेस्ट लागते."

"कुणाची?"

"डिपार्टमेंटची."

"डिपार्टमेंट कुठे आहे?"

"सुट्टीवर." त्यांनी शर्टाची कॉलर उलटली. "आणि केरूचा इकामा रिन्यूअलला गेलाय. माझ्याकडे झेरॉक्स आहे. राहायच्या परवान्याच्या नुसत्या झेरॉक्सवर कोण घेणार त्याला? शनिवारी बघू ना यार. तू एक लाथ का घालत नाहीस? सगळ्यांना घालतोस."

"साहेब, लाथेनं काही होत नाही!"

"मला झालं होतं," ते दुखावून म्हणाले.

राहता राहिले केरूनाना. ते तर ठाम. मी जवळ बसलो, तर हळू आवाजात म्हणाले, "रोशन, हास्पिटलात न्हेऊ नको. तितं कागदावर 'पाठ' लिवलं की कंपनी एक्झिट मारून घरी धाडती. रिगरची पाठ गेली म्हंजी खलास. तू मार गपचीप. दोन दिसांत उभा ऱ्हातो."

"आणि पाय गेले तर?"

"पाय कुटं जात्यात? हायेत की." त्यांनी हलवून दाखवायचा प्रयत्न केला. डावा अंगठा हलला नाही. त्यांनी तो पुन्हा हलवायला बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोपलाय."

बाहेर ड्रायव्हर गफूर नमाजाला जायच्या तयारीत उभा होता. हा म्हसळ्याचा, माझ्याच वयाचा. त्याला मी सगळं सांगितलं. "मी नेतो रे," तो म्हणाला. "नमाज हॉस्पिटलजवळच्या मशिदीत पढेन. पण चावी?"

मी उन्हात उभा राहिलो आणि मला असा संताप आला, की काय सांगू. नर्स सांगते ते यांना पटत नाही. अंगठा हलत नाही ते दिसत नाही. पण एका माणसाचे पाय जन्मताना आधी बाहेर आले, हे मात्र सर्वांना पटतं. बरं, मग तेच घ्या.

मी खोलीत परत गेलो, बंकजवळ उभा राहिलो आणि उजवा पाय वर उचलला. केरूनानांनी उशी घट्ट धरली. मी पाय तसाच हवेत धरून ठेवला, तोंड गंभीर केलं, आणि खाली ठेवला.

"लागत नाही," मी म्हणालो.

"काय लागत न्हाय?"

"पाय. उसण दोन्ही पायांत उतरली की पायाळूची लाथ अशी कुठेही लागू पडत नाही. तिला हॉस्पिटलची फरशी लागते. पांढरी."

मला वाटलं, आता हसतील. कुणीतरी विचारेल, असं कुठे असतं का?

"असंच आहे," चाचा सावकाश म्हणाले. "मी विसरलोच. माझ्या मामूला दापोलीच्या सरकारी दवाखान्याच्या पडवीतच मारलेली. घरी मारून बघितली, लागलीच नाय."

"आमच्याकडेही," बिहारचा एक वेल्डर हिंदीत म्हणाला. त्यांच्याकडे पायाळूच नसतो, असं त्यानंच मला मागे सांगितलं होतं.

"सरकारी चालंल का?" केरूनानांनी उशीतून विचारलं.

"सरकारीच लागतं. एमआरआयवालं."

"मंग चल की! सकाळपासून सांगायचं न्हाय व्हय, माज्या लेका?"

विनोदसाहेब स्वतः चावी आणि इकाम्याची झेरॉक्स घेऊन धावत आले. "आधी बोलायचं ना, प्रोसिजर आहे म्हणून," ते म्हणाले. माणसाला डिपार्टमेंटची रिक्वेस्ट लागते, पायाळूच्या पायाला लागत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला कुणाला तरी खरोखरची लाथ घालावीशी वाटत होती.

मेसच्या टेबलाचं फळकूट काढून त्यावर नानांना निजवलं आणि पिकअपच्या हौद्यात ठेवलं. वर चादर धरून मी बसलो. चाचांनी वाटेत प्यायला सहा कॅन दिले. मी ते गेटच्या वॉचमनला दिले.

रस्ते मोकळे होते, सगळे नमाजाला. गफूर जपून चालवत होता, तरी अल सुलैतले रस्ते ट्रेलरनी खणलेले. प्रत्येक खड्ड्याला मी दातओठ खात होतो. नाना मात्र शांत होते.

"रोशन, आता बरं वाटतंय रं. दुखायचंच थांबलंया."

मी खिडकीवर हात आपटला. "गफूर, दाब!"

"यल्ला!" तो आतून ओरडला, आणि जपणं सोडलं.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात एक वॉर्डबॉय आणि एक सिक्युरिटी गार्ड. गार्डनं झेरॉक्स उलटसुलट करून बघितली. "इकामा?"

"कंपनीत."

"बुकरा," तो म्हणाला. म्हणजे उद्या. सौदीत मला जे पहिले अरबी शब्द आले, त्यात हा होता.

माझं अरबी तिथेच संपतं. मी नानांकडे बोट दाखवलं, मग खाली, मग नळ फिरवल्यासारखा हात केला, आणि मान हलवली. नाही. येत नाही. सकाळपासून.

गार्डचा चेहरा बदलला. त्यानं झेरॉक्स वॉर्डबॉयच्या हातात कोंबली आणि स्वतःच स्ट्रेचर ढकलत आणलं. इतक्या लवकर मला त्या देशात कुणीच समजून घेतलं नव्हतं.

आत पांढरी फरशी. केरूनाना कुशीवर पडले होते. मान वळवून म्हणाले, "ही फरशी चालंल?"

"नाना, डॉक्टर येतायत."

"त्यो यील. तू मार आदी. त्यासाटीच आलोय मी."

शब्द दिला होता. मी बूट काढला, मोजा काढला, आणि त्यांच्या सदऱ्याला अंगठा टेकवला. पाठीला नाही, सदऱ्याला. ताई लक्षात होती. तेवढ्यात पडदा सरकला आणि तरुण डॉक्टर आत आला. छातीवर नाव, उमैर. बोलण्यावरून हैदराबादचा.

"आप इनको लात क्यों मार रहे हैं?"

"इलाज है, सर."

"अच्छा. और मैं?"

"आप इसके बाद, सर."

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं, आणि वेळ फुकट घालवला नाही. ताईनं विचारलेलेच प्रश्न त्यानं विचारले, जवळजवळ त्याच क्रमानं. मला वाटलं आता तरी कुणाला तरी दाखवावं, की बघा! पण दाखवायला तिथे गफूरसुद्धा नव्हता, तो नमाजाला गेला होता.

मग डॉक्टरनं टाचणी काढली. नानांच्या पावलाला, पोटरीला, मांडीला टोचत विचारत गेला, पता चल रहा है? हाँ. हाँ. थोडा. मग बसायच्या जागी टोचलं. नाना वाट बघत राहिले.

"रोशन, टोचतोय का त्यो?"

"टोचतोय, नाना."

"कुटं?"

नानांनी हात मागे केला. मी धरला. कॉम्प्रेसर उचलणारा तो हात, आणि त्यांनी माझी बोटं अशी धरली होती, जसं मूल जत्रेत धरतं.

"म्हंजी खरंच झोपलंय," ते म्हणाले. "रोशन, तुजी ताई काय म्हनली? उटंल का?"

"आज आलो तर उठेल म्हणाली."

"आज शुक्कुरवारच हाय न्हवं?"

"शुक्रवारच आहे."

नळी घातली. पिशवी भरली. दुसरी लावली. डॉक्टर थांबून बघायला लागला.

"क्या पिया है इन्होंने?"

"जौ का पानी, सर."

"कितना?"

"सर, पीछे चाचा खड़े थे."

एमआरआय झाला. चकतीचा मोठा तुकडा सुटून नसांवर बसला होता. सर्जनला घरून बोलावलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. आत नेताना डॉक्टर उमैर मला म्हणाला, वेळेत आणलंत, बाकी नसा किती जाग्या होतात ते दिसेल. कल लाते तो मैं ये भी नहीं बोलता.

त्या नसा सावकाश जाग्या झाल्या. आधी उजवा पाय, मग बसायची जागा. नळी काढली त्या दिवशी मी वॉर्डात होतो. नाना भिंतीला धरून आत गेले. या वेळी त्यांनी नळ सोडला नाही. मी दाराबाहेर उभा. बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, बारीक, अडखळत, पण तो. बाहेरच्या खाटेवरचा येमेनी म्हातारा "अल्हमदुलिल्लाह" म्हणाला. माझे डोळे भरून आले, आणि कशानं भरून आले हे आजवर मी कुणाला सांगू शकलेलो नाही.

डावं पाऊल थोडं घासतंच. आता ते मागे पट्टा असलेली चप्पल घालतात. कंपनीनं एक्झिट मारली नाही. स्टोअरमध्ये हातमोजे द्यायला बसवलं. म्हणजे सगळं ठीक झालं असं म्हणता येईल.

पण ज्या दिवशी ते कॅम्पात परत आले, त्या दिवशी मेसमध्ये सगळे जमले आणि चाचांनी विचारलं, "मग, लागली?"

"लागली म्हंजी?" नाना म्हणाले. "पांढऱ्या फरशीवर पाय टेकवला आन् संध्याकाळपातूर मोकळा."

"नाना, ऑपरेशन झालं तुमचं! टाके आहेत पाठीत!"

"आरं, डाक्टरनं शिवलं, त्ये खरंच. पर उतरवली तू."

मी ताईला फोन केला आणि अर्धं कार्ड संपेपर्यंत बडबडलो. ती हसली, मग म्हणाली, "ते ऐकतच नाहीत ना? मग ज्याचं ऐकतात त्याच्यात माझे प्रश्न घाल."

तेव्हापासून माझ्या लाथेला अटी आहेत. लघवी झाली पाहिजे. बूड जागं पाहिजे. पायात जोर पाहिजे. ताप नको. उंचावरून पडलेला नको. छातीपोटात फाटल्यासारखं होत असेल तर रांगेत उभंच राहायचं नाही, सरळ पिकअपमध्ये जाऊन बसायचं. एका जरी अटीत बसला नाही तर लाथ फक्त हॉस्पिटलात मिळेल. गफूरकडे चावीची दुसरी प्रत आहे. आणि अटी विचारायचं काम केरूनानांनी स्वतःकडे घेतलंय. ते उंबऱ्यात स्टूल टाकून बसतात आणि विचारतात ते गेटपर्यंत ऐकू जातं.

परवा रांगेत विनोदसाहेब आले. ड्रॉवर ओढताना चमक भरली होती.

"लघवी व्हती का?" केरूनानांनी विचारलं.

"नाना, जरा हळू."

"हळू न्हाय. मोठ्यानं सांगा. व्हती का?"

"होते."

"साफ?"

"साफ."

"बूड जागं हाय का झोपलंय?"

मागे रांगेत फिलिपिनो, बिहारी, मल्याळी सगळे होते. मराठी कुणालाच येत नव्हतं, पण हा प्रश्न सगळ्यांना पाठ होता. साहेबांनी वर छताकडे बघितलं. "जागं आहे."

"रोशन, मार."

मी मारली. नेहमीपेक्षा जरा मनापासून. दोन दिवसांत साहेब ताठ चालायला लागले. ते आपल्या आपणच होणार होते, नव्वदांतले होते, हे मी मेसमध्ये उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग चाचा माझ्या ताटात वाढता वाढता शेजारच्या नव्या माणसाला म्हणाले, "बघ, किती साधा आहे."